दुबलगुंडीची पांढरी साडी

दुबलगुंडीच्या ख्रिस्ती वस्तीत लग्न ठरलं की तारीख आधी सुवार्तम्माला विचारायची आणि मग पाळक अय्यांना. अय्या एक नाही तर दुसरे मिळाले असते. साडी दुसरी मिळाली नसती. दुबलगुंडी, हळ्ळीखेड, कमठाणा, सगळीकडच्या ख्रिस्ती नवरीमुलींना मिळून एकच पांढरी रेशमी साडी होती, आणि ती सुवार्तम्माच्या पत्र्याच्या पेटीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेली असे. नवरी बुटकी असली तर कमरेशी जास्त खोचायची, उंच असली तर घोटे उघडे राहायचे, पण नेसायची हीच.

साडी तिची स्वतःची होती. मानमोडीच्या तापाच्या साली आईबाप दोघंही गेले आणि ही एवढीशी पोर कुणीतरी बीदरच्या मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडली. आधीचं नाव काय होतं ते तिलाही आठवत नव्हतं. तिथल्या मड्डमबाईंनी नाव ठेवलं सुवार्तम्मा, म्हणजे चांगली बातमी. चांगली बातमी म्हणावी असं तिच्या आयुष्यात फारसं काही घडलं नाही ते सोडा, पण लग्न मात्र थाटात झालं. मोटा शिवणाऱ्या पौलप्पाशी तिचं जुळलं तेव्हा मड्डमबाईंनी मद्रासकडून ती साडी मागवली आणि नेसवताना म्हणाल्या, "पोरी, इथलं सगळं उसनं असतं बघ. नीट वापरायचं आणि हसत परत करायचं." सुवार्तम्मानं मान डोलावली. लग्नाच्या दिवशी सांगितलेलं कुणाला कळतं?

नवरी होऊन ती बैलगाडीतून दुबलगुंडीत उतरली तेव्हा वेशीजवळ पाण्याला निघालेली मल्लव्वा उभी होती. मल्लव्वा गावातल्या गुरुशांतप्पाची सून, लिंगायताघरची, हिच्याच वयाची आणि तोंडानं फटकळ. पांढऱ्या साडीतली नवरी बघून तिची घागर डोक्यावरून पडायचीच बाकी राहिली.

"अगं बया! नवरीला रांडवाचं लुगडं नेसवून आणलंय की!"

गावभर हसं झालं. पुढं लेक रूतम्मा कडेवर असताना गाठीचा ताप आला आणि पौलप्पा दोन-चार दिवसांत गेला, तेव्हा मल्लव्वाच म्हणाली, "मी म्हनलं नव्हतं?" एवढं बोलून झालं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली असावी. ती सुपात जोंधळे घेऊन वस्तीच्या कडेला आली, ओसरीपासून हातभर लांब सूप ठेवलं आणि म्हणाली, "उद्यापासून खुरपायला ये माझ्या रानात." तेव्हापासून सुवार्तम्मा तिच्या रानात राबत होती. दोघी एका बांधावर बसून भाकरी खायच्या, आपापली, मधे अंतर ठेवून. मल्लव्वा कधी वस्तीतल्या घराचा उंबरा चढली नाही आणि सुवार्तम्मानं कधी तशी अपेक्षा केली नाही. त्या काळी मैत्रीसुद्धा हातभर लांबूनच चालायची.

साडी पहिल्यांदा उसनी गेली ती हळ्ळीखेडला. नवरीकडच्यांनी आठ दिवस ठेवून घेतली आणि आली ती पदरावर पानाचा डाग आणि काठाला उंदरानं कुरतडलेलं भोक घेऊन. माणसं चांगली होती, पण साडीच्या बाबतीत एकही भरवशाचं नव्हतं. सुवार्तम्मानं भोक रफू केलं आणि नियम केला की सकाळी साडी द्यायची आणि दिवस मावळायच्या आत परत घ्यायची. नियम पाळला जातो की नाही हे बघायला ती प्रत्येक लग्नाला जातीनं जायची. ऊन कललं की नवरीच्या खोलीच्या दारात जाऊन बसायची.

"आली जमादारीण," नवरदेवाचे मित्र म्हणायचे.

"व्हय, आले. काढ गं बाई, येळ झाली."

नवऱ्यामुली रुसायच्या, काही रडायच्या. एका सासूनं तर चांगलंच भांडण काढलं. सुवार्तम्मा हलायची नाही. "माझी असती तर दिली असती," म्हणायची. "मी नुसती राखण करायलेय." सगळ्यांना माहीत होतं साडी तिचीच आहे. पण वस्तीतल्या बायांना हळूहळू तिचं म्हणणं पटलं होतं. एक दिवस का होईना, राणीसारखं रेशीम अंगावर आलं हे त्यांना पुरत होतं. पुढं कधी आडावर धुणं धुताना त्या आठवण काढायच्या, आपल्या दिवशी ऊन कसं होतं, पदर कसा सरकत होता, कोण काय म्हणालं. रझाकारांच्या धामधुमीत लोकांनी दागिने पुरले, हिनं गोठ्यातल्या कडब्याखाली खड्डा करून साडीची पेटी पुरली. निजामाचं राज्य गेलं, पोलीस ॲक्शन झाली, बरंच काही बरंवाईट घडून गेलं, आणि पेटी वर निघाली तेव्हा साडी होती तशीच होती.

मग रूतम्माचं लग्न आलं. हुमनाबादला सुतारकाम करणारा येसुदास नवरा, शांत पोरगा. त्या दिवशी सुवार्तम्मानं लेकीला स्वतःच्या हातानं साडी नेसवली, आणि मल्लव्वानंसुद्धा मांडवाच्या बाहेर उभं राहून पोरीवरून बोटं मोडली. पांढऱ्या रंगाबद्दल ती त्या दिवशी काही बोलली नाही. ऊन कललं तशी सुवार्तम्मा नेहमीप्रमाणे दारात जाऊन उभी राहिली.

"अव्वा, आजची रात ऱ्हाऊ दे की," रूतम्मा म्हणाली. "तुझीच तर साडी हाय."

"माझी हाय म्हणूनच न्हाई. दुसऱ्याच्या लेकी रडल्या तवा काढून घेतली म्या. आता माझ्या लेकीला येगळा न्याय कामून?"

रूतम्मा हसली. "सासू तरी तुझ्यापरीस बरी निघंल," म्हणाली, आणि साडी सोडून नीट घडी करून आईच्या हातात दिली. तिला राग आला नव्हता. राग आला असता तर पुढं सुवार्तम्माला सोपं गेलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात, पुनरुत्थानाचा सण झाल्यावर रूतम्मा माहेरी आली. आंबे खायला आली होती. आल्या आल्या तिला ताप भरला. आधी वाटलं ऊन लागलं. मग ताप उतरेना, जीभ काळी पडली, पोरगी बरळायला लागली. मुदतीचा ताप म्हणाले कुणी. मल्लव्वानं स्वतःची बैलगाडी जुंपून वस्तीच्या तोंडाशी उभी केली, बीदरच्या दवाखान्यात न्यायला. गाडीत कडबा पसरला, त्यावर वाकळ घातली, आणि पोरीला उचलायला बाया आत गेल्या तर रूतम्मा भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि श्वास थांबला होता. सकाळची वेळ होती. वस्तीतल्या चुली अजून धुमसत होत्या.

आणि त्याच सकाळी, काय वेळ म्हणावी, कमठाण्याची यल्लम्मा आली. तिच्या लेकीचं, मार्थीचं, लग्न दोन दिवसांवर आलं होतं आणि ती साडीचं पक्कं करायला आली होती. बाप्तिस्मा होऊन इतकी वर्षं झाली तरी तिचं जुनं नाव काही कुणी बदललं नव्हतं. डोक्यावर शेंगदाण्याच्या लाडवांचं गाठोडं, पायांवर धूळ, तोंडावर लग्नघरचं हसू. वस्तीत शिरली तर सुवार्तम्माच्या दाराशी माणसं जमलेली. तिनं आत डोकावलं, गाठोडं हळूच ओसरीच्या कोपऱ्यात सरकवलं आणि सुवार्तम्माच्या शेजारी जाऊन बसली. साडीचं नाव तिनं काढलं नाही.

पाळक अय्या आले. देवदानप्पा अय्या वयस्क होते, बोलणं मोजकं. त्यांनी प्रार्थना केली आणि सुवार्तम्माला बाजूला घेऊन म्हणाले, "अक्का, साडी तुमची, लेक तुमची. तिला तीच नेसवून न्यावी असं मंडळीतल्या सगळ्यांना वाटतंय. कुणी काही म्हणणार नाही."

सुवार्तम्मानं यल्लम्माकडं बघितलं. यल्लम्मा म्हणाली, "नेसीव अक्का. मी मार्थीला पिवळं नेसवते. साडीनं का लगीन लागतंय?"

खरं सांगायचं तर सुवार्तम्माला त्या वेळी कुणीतरी साडी मागायला हवं होतं. कुणी मागितली असती तर ती वाघिणीसारखी चवताळून उठली असती, नाही म्हणाली असती, आणि साडी लेकीबरोबर मातीत घालून मोकळी झाली असती. पण सगळ्यांनी देऊन टाकली. आता ठरवायचं तिलाच होतं.

तिनं पेटी उघडली. बायांनी रूतम्माला न्हाऊ घातलं, केस विंचरले. सुवार्तम्मानं साडी नेसवली. तापानं पोरगी इतकी वाळली होती की निऱ्या संपेनात. कमरेभोवती कापडाचा बोंगा झाला. मग तिनं पदर खांद्यावरून घेऊन छातीवर पसरला, हात वर ठेवले. दारातून येणाऱ्या उजेडात रेशीम चमकत होतं. बाया हुंदके देऊ लागल्या, कारण पोरगी खरोखर नवरी दिसत होती. सुवार्तम्मा मनात म्हणाली, घे माझ्या बाये. रात मागितली होतीस ना? आता सगळ्या राती तुझ्या.

अंगणात, ओसरीपासून हातभर लांब, मल्लव्वा येऊन बसली होती. तिच्या मांडीवर नवं हिरवं इरकली लुगडं होतं, घडी न मोडलेलं. तिनं सुवार्तम्माला हाक मारली.

"सवाष्ण पोरगी गं. पांढऱ्यात कामून न्हेतीस? हे घाल."

"आमच्यात पांढरं म्हंजे धुतलेलं, मल्लव्वा," सुवार्तम्मा म्हणाली. "पाप धुऊन देवापुढं जायचं, तवा पांढरं."

लुगडं मल्लव्वानं मांडीवरच ठेवलं.

पुरुषांनी तिरडी बांधली. ऊन चढत होतं, थांबून चालणार नव्हतं. अय्या दारात उभे राहून बोलू लागले. त्यांचं म्हणणं वस्तीनं प्रत्येक मौतीला ऐकलं होतं: माणसाचं आयुष्य पहाटेच्या धुक्यासारखं, ऊन वर आलं की विरतं, आपण इथं मुक्कामाला आलोय, राहायला नाही, घर आपलं पुढं आहे. सुवार्तम्माही हे ऐकत आली होती, मान डोलावत आली होती. आज तिला ते ऐकवेना. ती मनातल्या मनात देवाशी भांडू लागली. देवबाप्पा, तुझं खरं असंल, पण मी निदान ऊन कलंपर्यंत थांबायची. पोरीबाळींना दिवसभर मिरवू द्यायची. रडल्या तरी संध्याकाळ झाल्याबिगर हात लावला न्हाई कधी. तू तर दुपारसुद्धा होऊ दिली न्हाईस. एवढी काय घाई होती तुला? कुणाच्या लग्नाची घाई होती?

तिनं तोंड फिरवलं तर अंगणात वस्तीतल्या बाया उभ्या दिसल्या. एकूण एक हिच्या हातनं नेसलेली. कुणी आता म्हातारी झाली होती, कुणाचे दात गेले होते, कुणाच्या कडेवर नातू होता. त्या सगळ्या रूतम्माकडं बघत होत्या, आणि खोटं कशाला बोला, साडीकडंही बघत होत्या. तसं बघण्यात हाव नव्हती. आपल्या आयुष्यातला एक चांगला दिवस मातीत चाललाय, तो डोळे भरून बघून घ्यावा असं ते बघणं होतं. आणि तरी सगळ्या द्यायला तयार होत्या. यल्लम्मा तर भिंतीला टेकून रूतम्माच्या पायांवरून हात फिरवत होती. तिच्या लेकीच्या अंगावर परवा पिवळं सुती लुगडं येणार होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता.

सुवार्तम्मा भिंतीला धरून उभी राहिली. लेकीला ती साडी देत होती ती कशासाठी, हे तिला अचानक लख्ख दिसलं. रूतम्माला आता रेशीम काय आणि सूत काय. ती गेली तिथं जे पांढरं मिळतं ते रात पडली म्हणून कुणी काढून घेत नाही; एवढं जर खरं नसलं तर आपण आजवर ज्याच्यापुढं गुडघे टेकले ते सगळंच खोटं. साडी मातीत पुरायची होती ती सुवार्तम्माला, स्वतःसाठी. एका संध्याकाळी नाही म्हटलं होतं, ते मातीआड करायचं होतं. आणि त्यापायी मार्थीचा एक दिवस जाणार होता, तिच्यामागून येणाऱ्या पोरींचे जाणार होते.

पुरुष आत यायला लागले तशी ती म्हणाली, "थांबा."

"अक्का, ऊन..." अय्या म्हणाले.

"थांबा म्हनलं ना. गडीमाणसांनी भाईर व्हा."

सगळे बाहेर झाले. सुवार्तम्मा लेकीच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. मग तिनं रूतम्माच्या कानाशी तोंड नेलं.

"काढ गं बाई," ती म्हणाली. "येळ झाली."

तिला एकटीला पोरगी उचलता येईना. यल्लम्मा भिंतीशी बसल्या जागी रडत सुटली होती. तेव्हा दारात सावली आली. मल्लव्वा उंबरा ओलांडून आत आली, हिरवं लुगडं खाली ठेवलं, खाली बसली आणि रूतम्माचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. सुवार्तम्मानं निऱ्या सोडल्या. एकेक वेढा उलगडत, कुठं ताण पडू न देता, जशी ती प्रत्येक नवरीची सोडायची तशीच तिनं साडी सोडली. मग दोघींनी मिळून पोरीला हिरवं नेसवलं. मल्लव्वानं पदर सारखा केला.

वस्तीच्या मागच्या माळावर रूतम्माला पुरलं. येसुदास निरोप मिळताच हुमनाबादहून धावत आला तो माती लोटायच्या वेळेला पोचला. त्यानं मूठभर माती टाकली आणि तसाच तिथं बसून राहिला. त्याला उठवायला चौघं लागले. मंडळीनं गाणं म्हटलं, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत, ज्याला जसं येईल तसं. सुवार्तम्मा गायली नाही. ओठसुद्धा हलवले नाहीत तिनं.

उन्हं उतरली तशी ती साडी घेऊन आडावर गेली. यल्लम्मा मागोमाग आली. दगडी डोणीत रिठ्याचं पाणी केलं होतं. एका नवरीच्या अंगावरची साडी धुतल्याशिवाय दुसरीला द्यायची नाही, ही तिची रीत. सुवार्तम्मा डोणीपाशी बसली, साडी मांडीवर घेतली, आणि तिचा हात पुढं जाईना. साडीला वास येत होता. तापाचा होता, डोक्याला लावलेल्या तेलाचा होता, आणि त्या दोन्हींच्या खाली रूतम्माचा होता, लहानपणापासून कुशीत झोपली की यायचा तो. सुवार्तम्मानं पदराचा बोळा करून तोंडाशी धरला. तिचे खांदे हलू लागले. सकाळपासून ती रडली नव्हती, आता रडली.

यल्लम्मा तिच्या शेजारी बसली. म्हणाली, "अक्का, ऱ्हाऊ दे. नको धुवूस. घरी ठेव तुझ्यापाशी."

सुवार्तम्मानं मान हलवली.

"मग परवा अशीच आण. न धुता. मार्थीला अशीच नेसवते, काय व्हत न्हाई. रूतीचा हात लागला म्हणायचा तिच्या अंगाला."

मेलेल्या पोरीच्या अंगावरची न धुतलेली साडी आपल्या नवरीलेकीला नेसवायला ती आई तयार झाली होती. सुवार्तम्मा तिच्याकडं बघत राहिली. मग पदर तोंडापासून काढून तिनं डोळे पुसले, साडीनं नाही, आपल्या लुगड्यानं.

"नको गं," ती म्हणाली. "मार्थीला एकच दिस मिळायचा. त्यात माझ्या लेकीचा ताप कशाला?"

तिनं साडी हळूच पाण्यात सोडली आणि दोन्ही हातांनी चेपायला लागली. रिठ्याचा फेस वर आला. यल्लम्मानं आडातून पाणी काढून दिलं, तिनं साडी पुन्हा बुचकळली, पुन्हा उचलून नाकाशी धरली. वास जायला फार वेळ लागला नाही.